हवामानाखाली

पिंपळगावच्या पॅकहाउसात कागदपत्रं माझ्याकडे:
प्लॉटचे नंबर, औषधांच्या अंशाचे रिपोर्ट, कंटेनरचं तापमान,
आणि साउथहॅम्प्टनच्या डेरेकचे मेल,
कारण इंग्रजीत एम.ए. मीच, तेही बाहेरून.

पहिल्याच हंगामात त्याने लिहिलं,
तिकडच्या कुणा व्यापाऱ्याची तक्रार म्हणजे
निव्वळ आंबट द्राक्षं.
बोरस्ते साहेब भरल्या ताटावरून उठले.
रात्री अकराला कोल्ड स्टोरेज उघडलं,
वीस पेट्यांतले मणी फोडून रस काचेवर टाकला.
गोडी अठरा. साडेअठरा. पुन्हा अठरा.
पहाटे मला कोल्हा आठवला.
आपलाच कोल्हा, दुसरीच्या पुस्तकातला,
तिकडे जाऊन साहेब झालेला.

मग एकदा: ही बातमी मला द्राक्षवेलीवरून कळली.
मी विचारलं, कोणत्या प्लॉटचा वेल?
नोंदणी क्रमांक कळवावा.
उत्तरात नुसतं एक हसरं तोंड आलं.

तेव्हा वही केली, जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या कागदांची.
डावीकडे त्याचं, उजवीकडे आपलं.
चेंडू तुमच्या अंगणात: आता तुम्ही बोला.
पाय गार पडणे: कच खाणे
(माघात रामकुंडात उतरल्यावर पडतात ते वेगळे).
काही ओळींची उजवी बाजू कोरीच राहिली.
घडातले बारीक मणी कातरता कातरता हौसाबाई विचारायची,
"आज काय म्हणतो गं तुझा दर्याक?"

यंदा जानेवारीअखेर तो म्हणाला,
मी सध्या जरा हवामानाखाली आहे.
मला वाटलं, सगळेच असतो.
मी तत्परतेने कळवलं:
इथेही आभाळ धड नाही, निफाडला पारा चारवर,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून
बागांतून रात्रभर शेकोट्या,
तरी काळजी नसावी, माल वेळेत निघेल.
तुमचंही लवकर निवळो.

एका ओळीत उत्तर आलं: तू माझा दिवस केलास.

हौसाबाईची कात्री थांबली.
"दिवस केला? जित्या माणसाचा?
आपल्यात बाईला दिवस जातात,
आन् दिवस करतात ते मेल्यावर.
सांग त्याला, असं वंगाळ बोलू नये."
मी वहीत लिहिलं: फार आनंद दिलास.

मार्चमध्ये मेल आला तो कुणा फिओनाचा.
डेरेक लढाई हरला, असं तिने लिहिलं होतं.
कोणती लढाई?
देवळालीच्या तोफखान्यात माझा मावसभाऊ कारकून आहे,
त्याला फोन लावावा असं क्षणभर खरंच वाटलं.
पुढच्या ओळीत हॉस्पिटल होतं.
ऑक्टोबरपासून.
तुमचा हवामानाचा अहवाल
त्याने वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवला होता.

वहीत हवामानाखाली या शब्दापुढे मी लिहिलं होतं:
ढगाळ.

हौसाबाईला सांगितलं, डेरेक गेला.
कुठे, असं तिने विचारलं नाही.
कुणीच विचारत नाही.
त्याला मात्र
एवढ्या एका शब्दासाठी वही लागली असती.

दहाव्या दिवशी तेविसावा कंटेनर सील झाला.
हौसाबाईने एक्सपोर्टच्याच पेटीतला एक घड
वजनकाट्यामागच्या भिंतीवर ठेवला,
साहेबांना न विचारता, मला न सांगता.
आम्ही दोघी दुसरीकडेच बघत उभ्या.
कावळ्याने गोडीबिडी मोजली नाही.

जुना अर्थ मी खोडला नाही.
शेजारी फक्त तारीख घातली.