पाणसळ

शेवटचा स्क्रू कपात टाकून व्हर्लिन म्हणाला,
"चला, हात लावा."
विंडशील्डच्या डोक्यावर, ओकच्या चौकटीत
चौऱ्याण्णव सालापासून ठाण मांडून बसलेला तो डबा
तसूभर हलेना.
पलीकडच्या गाडीतले डॉयल आणि मर्ल आले,
सख्खे भाऊ, दोघांत मिळून तीन गुडघे नवे.
सॅस्कॅचेवानचा ग्रेडन आला, तोंडातला घास तसाच.
चौघांनी मिळून तो पायरीवरून उतरवला
नि मी दार धरून उभी,
मनात नको ते आलं:
आमच्या चर्चमध्ये खांदेकरी सहा लागतात,
हा चौघांत भागला.
फक्त तिथे कुणी ओरडत नाही,
"बोटं सांभाळा, बोटं!"

खडीवर ठेवला त्याला, ॲरिझोनाच्या जानेवारीतल्या उन्हात.
फुगीर काचेत अख्खा तळ मावला:
रांगेनं गाड्या, कमरेत वाकलेले सागुआरो,
आणि मी, पोट पुढे, डोकं लिंबाएवढं.

वर खोबण उरली.
हात घातला तर खांद्यापर्यंत आत.
वाळलेल्या गांधीलमाश्या,
आणि मागच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं,
इंडियानातल्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातचं:
"पाव इंच जास्त कापलंय. डेलला कळू देऊ नका."
तीस वर्षं डेलला कळलं नाही.
आम्हीही पुसलं नाही.

नवा टीव्ही व्हर्लिननं काखेत मारून आणला,
पिझ्झाच्या खोक्यासारखा.
थेट बॅटरीवर चालतो, बारा व्होल्टवर,
इन्व्हर्टरची ती कानाशी डास असल्यासारखी गुणगुण गेली.
फिनिक्सची हवामानवाली बाई
इतकी वर्षं कडेनं जरा हिरवी असायची,
हिरवी म्हणूनच ओळखीची.
आज तिला माणसाची कातडी आली
आणि डोळ्यांखाली जाळं.
"ही म्हातारी कधी झाली?" व्हर्लिन म्हणाला,
चष्मा काढून पुसत बसला,
जणू चूक चष्म्याची.

मग त्याला पाणसळ आठवली.
त्याचं म्हणणं, गाडीचं नाक केसभर वर आलंय.
चाळीस किलोंनी आठ टनांना काय होतंय, मी म्हटलं.
ऐकेल तर व्हर्लिन कसला.
टेबलावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधल्या रेघेपासून खरंच जरा सरकलेला,
किंवा ठेवताना हात हलला असेल.
गेल्या मे महिन्यापासून हलतो.
ते मी बोलले नाही.
बाहेर जाऊन त्यानं पुढच्या चाकाखालची एक फळी काढली,
आत आला, वाकून बघितलं, पुन्हा जाऊन घातली,
पुन्हा आला.
दुपार त्यातच गेली.

जुन्यावर मी पुठ्ठा लावला: "चालू आहे. न्या."
संध्याकाळपर्यंत कुणीतरी फक्त रिमोट नेला.

तो बंद केला की चित्र आक्रसत आक्रसत
मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा.
विझेपर्यंत आम्ही बोलायचो नाही.
मग व्हर्लिन म्हणायचा, "गेला."
मी म्हणायचे, "गेला,"
की झोपायला मोकळे.
हा एकदम काळा होतो,
तोंडावर दार लावावं तसा.
आम्ही दोघं कोचावर,
आधी कुणी उठायचं तेच कळेना.

रात्री पाणी प्यायला उठले.
पाणसळ टेबलावरच राहिलेली.
ग्रेडनच्या दिव्याचा उजेड पडद्याच्या फटीतून आलेला,
नेमका तिच्यावर,
आणि त्या हिरवट पाण्यात बुडबुडा.
पेला हातात धरून उभी राहिले बराच वेळ.
तो काही विझेना.