काळा किती काळा

जामनेर रोडवरच्या दुकानात पोरगा दाखवत होता
पोपट, ओघळणारा मध, फटाके,
पुन्हा पोपट.
म्हटलं, भो, राहू दे हे सगळं.
वरचे दिवे घालव
आणि हा पेन ड्राइव्ह लाव.

त्यात चाळीस सेकंद आहेत फक्त.
यार्डाची उत्तर बाजू, अमावस्येच्या आसपासची रात्र,
मधोमध एक लाल.
निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर घेतलेलं.
का घेतलं, विचारू नका.
एकतीस वर्षं भुसावळला सिग्नल मेंटेनर होतो,
दुसरं काही पारखता येत नाही मला.

घरच्या जुन्या टीव्हीवर ती रात्र
दीपनगरच्या राखेसारखी दिसायची.
ह्याच्यावर रात्र रात्र होती.
पाठीमागे म्हणे हजारो बारीक दिवे,
पाचशे बारा खोल्यांत वाटलेले;
जिथे अंधार, तिथली खोली विझते.
पण लालभोवती एक मंद कडं होतं,
माघातल्या धुक्यात दिव्याला येतं तसं.
"कडं दिसतंय."
"काका, ह्या किमतीत तेवढं राहणारच."
एकोणसाठ हजार नऊशे नव्वद.
पोरगा खरं बोलला, म्हणून घेतला.

पहिल्या दुपारी बाहेर पंचेचाळीस,
खिडकीला ओली चादर, तरी भिंतभर ऊन.
चित्र हटलं नाही, शाबास.
पडदा काळा झाला की मात्र
त्यात कूलर दिसायचा, आणि बनियनवर मी.
आवाज पातळ, गोडेतेलाच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.
जुना सिनेमा लावला तर माणसं
वंगण घातल्यासारखी सरकू लागली;
जागृतीनं सेटिंगमध्ये शिरून ते वंगण पुसलं.

मग तिनं माझ्या हातात रिमोटसारखं दोन दांड्यांचं काहीतरी दिलं.
गाड्यांची शर्यत.
पहिल्याच वळणाला मी भिंतीत.
म्हटलं, टीव्ही उशीर करतो.
तिनं गेम मोड लावला:
कडं थोडं वाढलं, गाडी पिसासारखी हलकी झाली,
मी पुन्हा भिंतीत.
ती काही बोलली नाही.
तिचं हे न बोलणं मला आवडलं नाही.
आमच्याकडे बटण दाबल्यापासून पॉइंट बसेपर्यंत
चार सेकंद धरायचे,
आणि त्या चार सेकंदांत
कुणी कुणाकडे असं बघायचं नाही.

कुमुद दाराजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीत,
चवळीच्या शेंगा निवडत.
मी माझा लाल लावलेला, तिसऱ्यांदा.
ती मान वर न करता म्हणाली,
"इथून तो गुलाबी दिसू राह्यला."

उठून तिच्या खुर्चीत बसलो.
खरंच गुलाबी.
काळ्याचीही राख झालेली.

सिग्नलची काच अशीच असते.
सगळा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यावर बांधलेला,
बाजूला रुळाशी उभ्या गँगमनला नुसता फिकट ठिपका.
ती काच नेमकी बसवायचाच तर पगार घेतला मी.
बाजूनं कसं दिसतं
ते कधी लिहिलं नाही;
रजिस्टरात तसा रकानाच नव्हता.

दिवाण भिंतीला टेकलेला, सरकत नाही.
टीव्हीच वळवला, तीन बोटं, दाराकडे.
जागृती म्हणते, वाकडा दिसतो.
कुमुद म्हणते, "कसाले वळवला? मी कुठे पाह्यते?"
पण काल बातम्यांत केळीचे भाव सांगताना
शेंग तिच्या हातात तशीच राहिली होती.

बदलून घ्यायची मुदत सात दिवस.
आज सहावा.
बिल पाकिटात आहे, खोकं माळ्यावर, फोडलेलं नाही.
रात्री सगळे झोपले की
पेन ड्राइव्ह पुन्हा लावीन म्हणतो,
दाराजवळ बसून.