जिन्याखाली

सहाला सामन मासळीच्या कारखान्यातून सुटते.
हात तीनदा धुते, लिंबाने, मग राखेने,
तरी गिऱ्हाईक कीबोर्ड परत नेताना हुंगतंच.
हुंगू दे. चालतोय ना?

पाटी भावाने रंगवली, दालकावेच्या रस्त्याकडे तोंड करून:
कॉम्प्युटर दुरुस्ती. वेबसाइटही ठेवून घेतो.
ठेवून घेतो म्हणजे, शेजारीण लेकीकडे जाताना
कोंबड्या ठेवून जाते, तसं.
याहून सोपं मला सांगता आलं नाही.

या बेटावर यंत्रं म्हातारपणाने मरत नाहीत,
त्यांना ओल खाते.
मदरबोर्डवर हिरवा थर, पंख्यात मेंढीची लोकर,
एकदा तर सीडीच्या खणात चक्क वाळका शिंपला.
मी विचारलं नाही,
शाळेच्या नेरेइदा बाईंनीही सांगितलं नाही.
सुटे भाग शेगडीवरच्या तारेला
मोज्यांशेजारी वाळत घालते.
नवरा म्हणतो, एक दिवस चुकून रॅम पायात घालशील.

किंमत सांगणं ही खरी विद्या. जीभच उचलत नाही.
पहिल्या महिन्यात जमले नऊ हजार पेसो,
चीजचा अर्धा गोळा, मेंढीचं एक कातडं,
आणि 'येत्या शुक्रवारी देतो' असे अकरा शुक्रवार.
वही घातली. वहीत शुक्रवारांना वेगळा रकाना आखला.

सर्व्हर जुनाच,
सान्तियागोतल्या दिवाळं निघालेल्या विमा कंपनीचा.
बसमध्ये शेजारच्या सीटवर बसवून आणला,
कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं.
घरात जागा एकच: जिन्याखाली, बटाट्यांच्या पोत्यांपुढे.
तिथे आता राहायला आलेत
गावचे बंबवाले, सगळे बिनपगारी;
लोकर विणणाऱ्या बायकांची संस्था;
आणि डॉन एलेओदोरो,
ज्यांनी जन्मभर होड्या बांधल्या
आणि वेबसाइट बांधून झाल्यावर विचारलं,
"ही पाण्यात कधी सोडायची?"

रोज संध्याकाळी त्यांचा फोन. आज किती आले?
मी नोंदी बघते. चार.
त्यातले तीन शोधयंत्रांचे रोबो,
कुणाच्याही दारात डोकावून पुढे जाणारे.
चौथी मी,
फोटो सरळ बसला का ते बघायला गेलेली.
"चार," मी सांगते.
"चार!" ते आत बायकोला ओरडून सांगतात.

ऑगस्टात वादळ झालं. चौदा तास वीज नाही.
सगळं गाव माझ्या जिन्याखाली अंधारात,
आणि कुणाला पत्ता नाही,
कारण तेही अंधारातच.
मी मात्र मेणबत्ती घेऊन बसले,
तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी.
तेव्हा दिसलं.
सर्व्हरच्या उबेने मागचे बटाटे
दोन महिने आधीच फुटले होते.
पांढरे, बोटभर कोंब, पोत्याच्या विणीतून बाहेर,
सगळ्यांच्या माना वळलेल्या
जिथे रोज तो इवला हिरवा दिवा लुकलुकतो तिकडे.

सासूबाई वाकून बघत राहिल्या.
"आधी वीज खात होतं. आता बटाटे."
मी वही काढली. तोटा: दीड पोतं.
त्यांनी फेकले नाहीत पण.
टोपली ओढली, एकेक निवडून मांडत बसल्या,
कोंब वर, कोंब वर,
आणि मध्येच, माझ्याकडे न बघता,
"अजून एक पोतं लाव तिथे. शेजारच्या घरचं."
त्याचे पैसे घ्यायचे का, हे विचारायचं राहिलं.

वीज आली पहाटे चारला.
पंखा खोकला, मग फिरला.
एकेक दार वाजवून पाहिलं:
बंब, लोकर, होड्या. सगळे घरी.
साडेपाचला कारखान्याची बस.

आता संध्याकाळ. फोन वाजतोय.
नोंदीत आज एक जास्तीचा आहे,
पुन्ता अरेनासहून. अकरा मिनिटं, एकाच फोटोवर.
वाजू दे जरा.
आधी बघून घेते, कोणत्या होडीवर.