लेह ते पासीघाट, विट्यातून

विट्याच्या स्टँडसमोर, चहाच्या गाड्यामागं
माझं तिकिटांचं दुकान. खुर्ची एक, बाकडं एक,
भिंतीवर भारताचा नकाशा.
आमच्याकडच्या गलाईवाल्यांनी बोटं टेकवून टेकवून
त्यातली काही गावं पुसट केलीत.

शेवंताक्का बाकड्यावर बसली नाही.
पिशवीतनं दोन चिठ्ठ्या काढल्या, नातवाच्या अक्षरातल्या.
एकीवर लेह. एकीवर पासीघाट.
"ह्या गावास्नं त्या गावाला इमान किती येळ घेतं?"

थोरला सर्जेराव लेहला. बोळात भट्टी.
थंडीनं मूस तडकते म्हणून आधी शेकून घेतो.
धाकटा हिंदुराव पासीघाटला. कोळसा सदा ओला.
सोनं मात्र दोघांकडं
सारख्याच आचेला वितळतं.

मी दोन्ही नावं टाकली.
सरळ रेघेत अठराशे किलोमीटर.
अडीच तास, कुणी उडू दिलं तर.
पण ती रेघ मधेच देश सोडते,
दुसऱ्याच्या बर्फावरून जाते, मग परत आपल्यात येते.
तिच्यावरून आपलं विमान जात नाही.
ते खाली उतरतं दिल्लीला, तिथं रात्र,
मग गुवाहाटी, मग छोटं विमान,
तेही ढगांनी हो म्हटलं तर.
दोन दिवस धरा, म्हटलं. तीनही लागतील.

डाळ घेताना काट्याकडं बघावं
तशी ती माझ्याकडं बघत होती.
"म्हंजी जवळ हाय का लांब?"

मग थोडं थोडं बाहेर आलं.
थोरल्याच्या छातीत पाणी झालंय, दवाखान्यात आहे.
धाकटा फोनवर म्हणाला,
लई लांब पडतं आये, न्हाई जमायचं.
वाटणीत एक तराजू अडकलाय दोघांत,
सात वर्षं. दुसरं काही नाही. एक तराजू.
"खोटं बोलतोय का, तेवढंच बगायचं हुतं."

माझ्या फॉर्मात याला रकाना नव्हता.
रेघ म्हणते खोटं. वेळापत्रक म्हणतं खरं.
आणि एक मी सांगितलंच नाही:
पासीघाटला उजाडतं
तेव्हा लेहला अजून तासभर अंधार असतो,
घड्याळ मात्र दोघांचं एकच.

ती उठून नकाशापाशी गेली. उठून कसली, उभीच होती.
पदराची कड ताणली.
एक चिमूट लेहवर, एक पासीघाटवर.
मग तेवढीच कड लेहवरून खाली सोडली.
विट्याच्या किंचित वर येऊन टेकली.

"ह्ये बघ. माझ्याइतकाच लांब हाय की त्यो.
मग मीच जाते. माझं काढ."

आधार कार्ड मागितलं.
ते घरी, पत्र्याच्या डब्यात, रेशनच्या कागदांखाली.
"उद्या आणते. तवर भाव वाढवू नगंस."

लेंगऱ्याची चारची गाडी साडेपाचला आली.
बारा-तेरा किलोमीटर.
तेवढा वेळ ती खांबाला टेकून,
दोन्ही चिठ्ठ्या मुठीत.
मला दुकानातनं दिसत होती.

पुणे, दिल्ली, लेह. एक प्रवासी, वय एकाहत्तर.
पडद्यावर ते तसंच उघडं ठेवलं.
आठ वाजता शटर ओढताना पाहिलं,
भाडं तीनशेनं वाढलं होतं.
दुपारचा आकडा मी वहीत लिहून ठेवला.