घट

माझ्या वहीत चार रकाने आहेत:
आवक, साखर, तापमान, घट.
देवलापारच्या रस्त्यालगत, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही मोहाची वाईन करतो
आणि मी तिचा हिशोब ठेवतो.
नागपूरहून पहिल्या एसटीने येतो.
मानसर मागे पडलं की खिडकीतून वास येतो,
गोड, आणि त्या गोडाच्या मागे
काहीतरी जनावरासारखं.

पहिल्या वर्षी फुलं यायची ती राखेसकट.
झाडाखालचा पाला पेटवून दिला
की जमीन काळी, फूल पांढरं,
वेचायला सोपं.
दोन पाण्यांनी धुऊनही वाईनला धुराची चव.
एका पाहुण्याने ती चव फार वाखाणली.
सिरोताबाई कुमरे तेव्हा गप्प होत्या.
नंतर पोतं उतरवता उतरवता म्हणाल्या,
"जाळलं तं फूल साफ दिसते, भाऊ.
पण झाडाले पोरं होत नाई मंग.
माह्यं लगन झालं तवा होती तेवढीच झाडं हायेत.
साऱ्या म्हाताऱ्या. एक बी तरणं नाई."

मी वही चाळली.
झाडांच्या वयाचा रकाना तिच्यात नव्हता.

मग कळमन्याच्या बाजारातून जुन्या जाळ्या आणल्या,
संत्र्यांच्या गाड्यांवर टाकतात त्या.
कमी पडल्या तिथे लुगडी जोडली.
चार खुंट, गुडघ्याएवढी उंची, मधे झोळ.
रात्रभर टप् टप्, पहाटे उचला.
खालचा पाला तसाच राहिला,
पाल्यातले विंचूही.
रमलू धुर्वेला एक चावला,
तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसा तो मीच पाळला होता.

बाकीचं सोपं होतं,
म्हणजे मोजता येणारं.
बाटल्या इतवारीच्या भंगारातल्या.
लेबलं तांदळाच्या खळीची, परत आली की गार पाण्यात सुटतात.
मे महिन्यात पारा सेहेचाळीस:
टाक्यांभोवती वाळ्याच्या ताट्या, वरून थेंब थेंब पाणी,
घरच्या कूलरचीच युक्ती.
आत खमीर पुटपुटत असतं,
दुपारी झोपवलेली, न झोपलेली पोरं जशी.
गळलेलं पाणी शेडमागच्या लिंबांना.
चोथा गांडुळांना
(एकदा तो टेकामांच्या बैलाने खाल्ला
आणि पोळ्याआधीच पोळा साजरा केला).

ओढ्याकडची तीन झाडं अस्वलाची.
ती घटीत धरत नाही.
मालकीणबाई म्हणतात, भागीदार आहे तो आपला,
फक्त सही करत नाही.

यंदा चैत्रात, चौथ्या वर्षी,
एका झाडाखाली जाळी ताणेचना.
खालून काहीतरी टेकत होतं.
सिरोताबाई वाकल्या, पाला हाताने सारला:
हातभर रोप, तांबूस पानांचं,
जाळीला डोक्याने ढुशी देणारं.
जाळी उंच बांधू, मी म्हणालो.
"अन् पुढच्या साली?"
त्यांनी कमरेचा विळा काढला.
क्षणभर मला तेच वाटलं
जे आत्ता तुम्हाला वाटलं.
त्यांनी जाळीला भोक पाडलं,
लुगड्याच्या काठाशी, बांगडीएवढं,
आणि रोपाचं डोकं त्यातून वर काढलं,
तान्ह्याला झबलं चढवतात तसं.

आता रात्रभर त्या भोकातून फुलं गळतात.
किलोभर, कधी दीड.
काही हरणं खातात, काही पाल्यात मुरतात.
मी लिहितो, घट: सव्वा किलो,
आणि पेन त्या शब्दावर जरा थांबतं.
नवरात्रात आई मांडते, ज्याच्या भोवती गहू उगवतो,
तोही घटच.

रकान्यापुढे कारणासाठी अरुंद जागा आहे.
पहिल्या दिवशी तिथे "जाळी फाटली" असं लिहिलं होतं.
ते खोडलं.
आता तिथे रोपाची उंची लिहितो, बोटांत.
काल पंचवीस.
आज सिरोताबाईंनी मोजलं, त्यांची बोटं बारीक,
म्हणून सत्तावीस.