अकरा मेंढ्या

मी फक्त चौकटी ठोकतो.
लार्चच्या पट्ट्या, कोपऱ्यांत खिळे,
वर कॅनव्हास ताणायचा, इतका
की टिचकी मारली तर डफासारखा बोलावा.
दुलामसुरेन टिचकी मारते, ऐकते, मान हलवते.
हीच माझी पावती.
पैसे नंतर. बहुधा वसंतात.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर
तिचं गोल तंबूघर आणि पत्र्याची शेड.
शेगडी ढणढणते, तरी भिंतीपाशी बादली गोठते.
ट्यूबमधला पांढरा दगड होऊन बसतो.
ती त्याला काखेत धरते,
आजारी कोकराला धरावं तशी.

आधी खळ. मग नमद्याचे तुकडे, गोंदात बुडवलेले.
मग शेगडीतली राख, चाळून,
कारण न चाळलेल्या राखेत दगडी कोळशाचे खडे येतात
आणि ते नंतर रात्रीबेरात्री सुटून पडतात.
त्यावर उकळलेल्या चहाचं पाणी, नालांचा गंज,
आणि सगळ्यात शेवटी काळा.
काळ्यासाठी घोड्याच्या शेपटीचा कुंचला, केरसुणीएवढा.

आमची जुनी लिपी उभी उतरते.
शब्दाला मुकुट, मुकुटाखाली कणा,
कण्याला दात, मध्ये पोट, शेवटी शेपूट.
जनावरच ते.
मला ती येत नाही.
माझ्या शाळेत रशियन वळणाची अक्षरं होती,
आडव्या रांगेत, हजेरीला उभी केल्यासारखी.

तिच्याही शाळेत तीच.
वडील गेले तेव्हा खोगिराच्या अस्तरात
एक कागद निघाला, शिवून ठेवलेला.
आई म्हणाली, मंत्र असेल.
काका म्हणाला, गुन्हा असेल, परत शिवून टाक.
वाचणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.
पन्नाशीत ती शिकायला बसली,
नातीच्या वर्गात, नातीच्या बाकावर, गुडघे बाहेर काढून.

आणि मग एकदा कागद वाचला.

अकरा मेंढ्या. एक लंगडी.
नामखाइकडून चहाच्या दोन विटा येणं.

लोक म्हणतात, ती रडली.
ती म्हणते, हसले.
मी त्या दिवशी शेडमध्ये रंधा मारत होतो,
मला दोन्ही ऐकू आलं नाही.

त्या हिवाळ्यात सहा चौकटी केल्या, पुरुषभर उंच.
'अकरा' तिला एका दिवसात साधला.
'मेंढ्या'ला आठवडा लागला, नमदा नीट चिकटेना.
'लंगडी'वर ती अडली.
शब्द लंगडा कसा करायचा?
कणा वाकवला तर म्हातारा दिसे,
तोडला तर मेलेला.
चाळीस कागद शेगडीत गेले.

मग एका सकाळी कॅनव्हास जमिनीवर पसरला,
कुंचला काठीला बांधला,
एका पायातला नमद्याचा बूट काढला
आणि चालायला लागली.
एक पाय उंच, एक पाय उघडा, गारठलेला.
काळी रेघ तिच्यामागून येत होती,
जात होती, अडखळत होती, पुन्हा जात होती.
टोकाला पोचली तेव्हा टाच निळी पडली होती.
मी बूट पुढे केला. तिनं तो घातला नाही,
आधी नालाच्या कडेनं शेपूट खरवडून घेतली,
खालची राख दिसेपर्यंत.

शहरात, काचेच्या दारांच्या दालनात,
एका गृहस्थानं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
ही प्रार्थना आहे का?
ती म्हणाली, हिशोब आहे.
येणं बाकी आहे अजून.
तो जरा वेळ थांबला. मग फुलांचं चित्र घेऊन गेला.

वसंतात पैसे आले. म्हणाली, लिहून दे.
मी माझ्या शाळेच्या अक्षरात, आडवं लिहिलं:
चौकटी सहा. एक वाकडी.
खोटं कशाला लिहायचं, उजवा कोपरा सुटलाय तिचा.
तिनं वाचलं, चार घड्या केल्या,
'लंगडी'च्या मागे, कॅनव्हास आणि लाकडाच्या फटीत सरकवलं.

वरून खिळा मीच ठोकला.