तेरावा महिना

अदिस अबाबात, तिसऱ्या मजल्यावर
फिकर्ते यादी करते आहे.
पिकांची यादी वेगळी, ती पलीकडच्या खोलीत होते;
ही यादी आहे
याद्या कशा कराव्यात त्या नियमांची.
कोण एकर लिहितं, कोण हेक्टर,
कुणाची माती किती आकड्यांत आंबट,
कुठल्या कचेरीचं दार कुठल्या कचेरीत उघडतं
आणि कुठे नुसतीच भिंत.

आईने फोनवर विचारलं होतं,
काय करतेस तिथे दिवसभर?
शेजारणींना एकमेकींची मापं समजावून सांगते.
आई म्हणाली, त्याचा पगार देतात?

नोंद दोनशे अठ्ठ्याऐंशी : तिमाद.
एका बैलजोडीने एका दिवसात नांगरलेली जमीन.
रकाना विचारतो, म्हणजे किती हेक्टर?
चार संस्था म्हणतात, पाव.
पाचवी म्हणते, पावाला थोडं कमी.
मोजोचे आतो येशितला चष्मा पुसत म्हणतात,
बैल कुणाचे?
माझा दामा म्हातारा झाला, त्याचं तिमाद लहान.
ओढ्याकडची माती चिकट, तिथलं आणखी लहान.
आणि उपासाच्या महिन्यात नांगरणारा जेवलेला नसतो,
ते कुठे धरता?

फिकर्ते लिहिते : पाव, अंदाजे.
‘अंदाजे’खाली लाल रेघ येते.
ती पुसते. पुन्हा लिहिते.

टेफचं तेच.
पांढऱ्याला एक संकेतांक, तांबड्याला एक.
तिसरं शेतातूनच मिसळून येतं, सर्गेन्या,
आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वऱ्हाडी.
दारात वऱ्हाड उभं, निवडत कोण बसणार,
दळा तसंच!
दोन बाजारांच्या तक्त्यांत ते ‘इतर’ म्हणून उतरलंय.
अर्ध्या जिल्ह्याच्या चुलीवर भाजलं जातं
ते इतर.

पण अडलं पावसापाशी.
बिशोफ्तूजवळच्या पर्जन्यमापकाची वही,
येशिमेबेत बाईंनी शाळा सुटल्यावर
बावीस वर्षं हाताने लिहिलेली.
वही यंत्रात चढली तेव्हा
प्रत्येक वर्षाच्या शेवटाला एक भोक पडलं.
पाच दिवसांचं, कधी सहा.

पागुमे.
तीस-तीस दिवसांचे बारा महिने मोजून झाल्यावर
हातात उरलेल्या चिल्लरीसारखा महिना.
यंत्राने पाहिलं : महिना १३.
म्हणालं, अवैध,
आणि ओळ गाळली.

पागुमेची तीन तारीख, राफाएलचा दिवस.
त्या दिवशीचं पाणी पवित्र,
म्हणून पोरं उघडीच अंगणात धावतात.
फिकर्तेलाही आठवतं : नाकात गेलेलं पाणी,
थोरल्या भावाचा धक्का, कोपराला चिखल.
बाईंच्या वहीत एका साली लिहिलंय,
अठरा मिलिमीटर.
समासात बारीक अक्षरात :
मुलांनी मापकात हात घातला, एखादा जास्त धरावा.

यंत्रात त्या दिवशी शून्य.
शून्यावरून कुणी आलेख काढला,
आलेखावरून अहवाल,
अहवालात एक वाक्य,
हंगामाअखेर पावसाने ओढ दिली.
म्हणजे दुष्काळ पडला
तो तेराव्या महिन्यामुळे.

फिकर्ते नवी नोंद उघडते.
नाव : पागुमे.
प्रकार : महिना.
लांबी : पाच दिवस, दर चौथ्या वर्षी सहा.
कोण वापरतं : आम्ही.
इथे ती थांबते, ‘आम्ही’ खोडून देशाचं नाव घालते.
कशाशी जुळतं :
कर्सर लुकलुकत राहतो.
मग वीज जाते,
आणि खालच्या मजल्यावरून भाजत्या कॉफीचा वास
कुठलाही नियम न विचारता वर येतो.

रात्री ती आईला विचारते,
राफाएलला पाऊस आला का गं तुमच्याकडे?
आला की. मोठं पातेलं भरून वाहिलं.
कुठलं मोठं?
तेच गं, काठाला पोचा आलेलं.

फिकर्तेला बरोब्बर कळतं, किती.